फुली मधोमध नाही, म्हणून स्कोप बिघडलेला नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहावर एक लेख आला होता. त्यात रायफलवर बसवायच्या एका जुन्या स्कोपचा, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचा फोटो होता आणि खाली चार ओळी होत्या. त्यांतल्या तीन चुकल्या आहेत. पहिलीत म्हटलंय की आतली फुली मधोमध नसल्यामुळे स्कोप बिघडलेला आहे. दुसरीत म्हटलंय की बाजूची फिरकी गहाळ झाली आहे. तिसरी सगळ्यांत घातक: वरची फिरकी पिळत गेलं की फुली पुन्हा जागेवर येते म्हणे. चौथ्या ओळीत मालकाच्या आजोबांचं कौतुक आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी शिकारी नाही आणि नेमबाजही नाही. चौतीस वर्षं मी जमीनमोजणीची उपकरणं दुरुस्त केली: लेव्हल, थिओडोलाइट, अधूनमधून सूक्ष्मदर्शक आणि जोडदुर्बिणी. ही कामं करणाऱ्याकडे लोक स्कोपही आणतातच, कारण आतला ऐवज तोच. पुढे वस्तुभिंग, मागे नेत्रभिंग, मधे उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं आणि कुठेतरी बारीक तारांची फुली. तिला इंग्रजीत क्रॉसहेअर किंवा रेटिकल म्हणतात, आमच्या वर्कशॉपात मात्र सगळे फुलीच म्हणायचे. तेव्हा मीही तेच म्हणतो.

आधी फुलीचं सांगतो. जुन्या स्कोपमध्ये फुली एका छोट्या चौकटीत बसवलेली असते आणि ती चौकट दोन स्क्रूंनी सरकते, एकाने वर-खाली, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. समोरून दाबून धरायला स्प्रिंगची पट्टी असते. स्क्रूच्या बाहेरच्या टोकाला फिरकी असते. तुम्ही ती फिरवलीत की चित्र जागेवर राहतं आणि फुली चित्रावरून सरकते. साहजिकच स्कोप रायफलवर किंचित तिरका बसला असेल, तर नेम जुळवता जुळवता फुली एका कुशीला जाते आणि तिथेच राहते. दिसायला वाईट, पण नेम अचूक. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश नंबर ३२ स्कोप असाच, आणि सोव्हिएत पीयू स्कोपही असाच.

पुढे युक्ती बदलली. फुली एका जागी पक्की ठेवून प्रतिमा सुलटी करणाऱ्या भिंगांची आतली नळीच एका टोकावर डुलती ठेवली आणि स्क्रू त्या नळीला टेकवले. आता फिरकी फिरवली की चित्र सरकतं, फुली मधेच राहते. १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ही रचना सगळीकडे रुळली. आज दुकानातून नवा स्कोप घेणाऱ्याला फुली मधोमधच दिसते, म्हणून त्याला वाटतं की ती तशी असलीच पाहिजे. हातात आलेला स्कोप कुठल्या जातीचा हे कळायला एकच गोष्ट करायची. तो टेबलावर पक्का धरायचा, दूरच्या एखाद्या कोपऱ्याकडे बघायचं आणि फिरकी अर्धा वेढा फिरवायची. दिसणाऱ्या गोल चित्राच्या कडेपासून फुलीचं अंतर बदललं तर जुनी रचना, नाही बदललं तर नवी. अर्धा वेढाच म्हणतोय मी, आणि तोही किती फिरवला ते कागदावर लिहून. नंतर परत तिथेच आणून ठेवायचा असतो.

आता "बाजूची फिरकी गहाळ". फोटो लहान छापलाय, तरी भिंगाखाली धरून पाहिला. नळीच्या पोटाला लांबट कंगोरा आहे. या कंगोऱ्याला रेल म्हणतात, आणि तो जर्मन आणि ऑस्ट्रियन स्कोपना असतो. त्याला धरून बैठक, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारा आधार बसवतात आणि ती बैठक नख्यांसारख्या आकड्यांनी रायफलीत अडकते. तिकडच्या जुन्या पद्धतीत उंचीची फिरकी तेवढी स्कोपवर ठेवायचे आणि डावं-उजवं बैठकीत जुळवायचे. झाइस या जर्मन कंपनीचा झीलफियर हा ४ पटींचा स्कोप त्याचा नमुना. नावातच चार आहे, फियर म्हणजे चार. अशा स्कोपला बाजूला भोकच नसतं, मग फिरकी गळून पडणार कुठून? बाउश अँड लोम्ब या अमेरिकन कंपनीने तर काही स्कोप असे काढले की त्यांवर एकही फिरकी नाही, सगळी जुळणी बैठकीत. आपल्या लेखकांच्या हाती तो आला असता तर दोन फिरक्या गहाळ म्हणून लिहिलं असतं.

याच्या पुढची मजा लांबलचक टारगेट स्कोपांत आहे. पिट्सबर्गच्या जॉन अनर्टल यांचे स्कोप बघा: पाऊण इंची बारीक नळी, आणि मागच्या बैठकीवर मायक्रोमीटरसारख्या दोन फिरक्या. तिथे अख्खी नळीच मागून उचलली जाते. फिरकीची एक टिकटिक नळीला एक इंचाच्या अर्ध्या हजारांशाने, म्हणजे ०.०००५ इंचाने सरकवते. दोन बैठकांमधलं अंतर ७.२ इंच ठेवतात. भागाकार करून बघा: १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर, बरोबर पाव इंच. ७.२ हा विचित्र आकडा आला तो या हिशेबातून. कुणी बैठका आठ किंवा सहा इंचांवर बसवल्या तर टिकटिक तीच राहते, पण तिचं मोल बदलतं. आणि हे स्कोप गोळी सुटल्यावर बैठकीत पुढे सरकतात, पुढच्या गोळीआधी मागे ओढून घ्यायचे असतात. मला एकाने असा स्कोप "नळी ढिली झालीय, घट्ट करून द्या" म्हणून आणला होता. मी हात लावला नाही. मालक माझ्यावर नाराज होऊन गेला.

जुना स्कोप ओळखायचा म्हणजे नाव शोधायचं, असा सगळ्यांचा समज. नाव सगळ्यांत शेवटी. मी आधी व्हर्निअर काढतो. नळीचा व्यास १९ मिलिमीटरच्या आसपास आला तर ती पाऊण इंची, २२.२ तर सात-अष्टमांश, २५.४ तर एक इंची, आणि या तिन्हींत अमेरिकन असण्याचाच संभव जास्त. २६ किंवा २६.५ आला तर बहुधा जर्मन-ऑस्ट्रियन. ३० म्हणजे पुन्हा युरोपातलाच, सोव्हिएत धरून. यात नुसती हौस नाही. २६ ची नळी बैठकीच्या एक इंची कड्यात घालून आवळणारे बहाद्दर आहेत. फरक ०.६ मिलिमीटरचा, डोळ्याला दिसत नाही, स्क्रूला मात्र बसतो. नळी चेपते, आतली भिंगं तिरकी होतात आणि मग फुलीला दोष.

मग चुंबक. नळी पोलादी की अॅल्युमिनिअमची ते लगेच कळतं. मग दिव्याखाली वस्तुभिंगातलं प्रतिबिंब. पांढरंशुभ्र असलं तर काच उघडी, निळसर-जांभळं असलं तर तिच्यावर लेप. हा लेप झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. युद्धाच्या काळात तो लष्करी भिंगांवर गेला आणि युद्धानंतर सर्वांच्या. उघड्या काचेच्या दर पृष्ठभागावर साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. स्कोपात असे दहा पृष्ठभाग धरले तर पलीकडे पोचतो दोन-तृतीयांश. संध्याकाळी जुना आणि नवा स्कोप शेजारी धरून पाहिलात तर हा हिशेब डोळ्यांनी वाचता येतो.

किती पटींचा आहे हे लिहिलेलं नसतं तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण ते काढायची रीत सुंदर आहे. स्कोपचं तोंड उजळ आभाळाकडे करायचं (सूर्याकडे नव्हे, डोळा जाईल) आणि नेत्रभिंगामागे सात-आठ सेंटिमीटरवर पातळ कागद धरायचा. कागदावर उजेडाची टिकली पडते. कागद पुढे-मागे करून तिची कड धारदार करायची आणि व्यास मोजायचा. वस्तुभिंगाच्या उघड्या भागाचा व्यास त्याने भागला की पट आले. गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलेल्या एका स्कोपचं वस्तुभिंग ३१.६ भरलं आणि टिकली ७.९. भागाकार केला, चार.

त्याच स्कोपचं पुढे सांगतो. पोलादी नळी, व्यास २६ च्या किंचित पुढे, पोटाला रेल, फिरकी एकच, काचेला लेप नाही, आणि आत तीन जाड खांब, खालून आलेला टोकदार आणि आडवे दोन बोथट. एवढ्यावरून मी "युद्धापूर्वीचा, जर्मन किंवा ऑस्ट्रियन" असं चिठ्ठीवर लिहिलं. नाव झिजलं होतं. नळीवर खडूची भुकटी बोटाने घासली आणि वरवर पुसली तेव्हा खाचांत राहिलेल्या पांढऱ्यातून एक शब्द वर आला: वेट्झलार. आता वेट्झलार या जर्मन गावी हेन्सोल्ट ही भिंगांची कंपनी होती आणि लाइट्झही होती. गाव सापडलं, घर सापडलं नाही. मी चिठ्ठीवर फक्त "वेट्झलार" वाढवलं. मालकाला कंपनीचं नाव हवं होतं. अंदाजाने एखादं सांगितलं असतं तर तो खूश होऊन गेला असता आणि उद्या तेच एखाद्या पुरवणीत छापून आलं असतं.

युद्धकाळातल्या जर्मन मालावर नाव नसतंच, तीन बारीक अक्षरांची खूण असते. बीएलसी म्हणजे येनाची झाइस, बीएमजे म्हणजे हेन्सोल्ट, बीईएच म्हणजे लाइट्झ, सीएडी म्हणजे व्हिएन्नाची काह्लेस. ब्रिटिश नंबर ३२ वर बाणाची खूण आणि ओ.एस. पासून सुरू होणारा क्रमांक असतो. ४६६ ए असेल तर मार्क १, १६५० ए तर मार्क २, २०३९ ए तर मार्क ३. आर.ई.एल. कॅनडा दिसलं तर तो टोरोंटोजवळ बनलेला. या स्कोपची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा क्रमांक रायफलच्या दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो आणि रायफलचा क्रमांक स्कोपच्या बैठकीवर. दोघं एकमेकांचे कागद खिशात घेऊन फिरतात म्हणा ना. ते जुळले नाहीत तर जोडी नंतर कुणीतरी लावलेली आहे. अमेरिकन वीव्हर तुलनेने सोपा, कारण नळीवर एल पासो, टेक्सस असं सरळ लिहिलेलं असतं. कारखाना १९३३ मध्ये तिथे आला आणि १९८४ मध्ये बंद पडला, म्हणजे गावाच्या नावावरूनच काळाची दोन टोकं हाती लागतात.

आता मूळ मुद्दा, फिरकी पिळण्याचा.

चार पटींच्या स्कोपातून १०० मीटरवर साधारण दहा मीटर रुंदीचं चित्र दिसतं. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पाच मीटर. फुली मध्यापासून कडेकडे एक-पंचमांश सरकलेली दिसली, तर ती १०० मीटरवर एक मीटरने सरकलेली आहे. स्कोप धरणाऱ्या दोन कड्यांमधलं अंतर १०० मिलिमीटर धरा. त्याच प्रमाणात एका कड्याची चूक येते एक मिलिमीटर. एक मिलिमीटर! तेवढं तर भोक पाडतानाच चुकतं. तेव्हा फुली एवढी हललेली दिसली की दोष बैठकीत शोधायचा आणि सुधारायचाही तिथेच. डावं-उजवं असेल तर बैठकीच्या समोरासमोरच्या दोन स्क्रूंनी, एक सैल करून दुसरा आवळून. वर-खाली असेल तर बैठकीखाली पातळ पत्र्याची पट्टी घालून. वरचाच हिशेब: ०.१ मिलिमीटरची पट्टी १०० मीटरवर दहा सेंटिमीटर देते. पट्टी बैठकीखाली घालावी, कड्यात नळीखाली नव्हे, नाहीतर नळीच वाकते.

पण त्याआधी फुली स्वतः नळीच्या अक्षावर आणायला हवी, आणि इथे मोजणीवाल्यांची विद्या कामी येते. जुन्या वाय-लेव्हलची दुर्बीण तिच्या आधारांत लोळवता यायची. दूरच्या खुणेवर फुली लावायची, दुर्बीण अर्धा वेढा लोळवायची. फुली खुणेवरून हलली तर जेवढी हलली त्याच्या अर्धी स्क्रूने सुधारायची आणि उरलेली अर्धी दुर्बिणीचं तोंड हलवून. उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणून अर्धीच घ्यायची. नवशिका हमखास पुरी घेतो आणि मग जन्मभर खुणेभोवती घिरट्या घालत बसतो. स्कोपलाही हेच. पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा कापायच्या, नळीचे दोन्ही सरळ भाग त्यांत ठेवायचे आणि खोकं जड वस्तूने दाबून स्कोप लोळवायचा. फुली खुणेभोवती वर्तुळ काढते. प्रत्येक वेळी अर्धी चूक काढत गेलं की तीन-चार खेपांत वर्तुळाचा ठिपका होतो. आपल्या फोटोतला स्कोप मात्र असा लोळवता येणार नाही, कंगोरा आडवा येतो. तिथे फिरकीचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वेढे मोजायचे आणि निम्म्यावर थांबायचं. टोक आलं हे बोटाला कळतं. कळल्यावर आणखी एक चतुर्थांश वेढा नेऊन खात्री करायची नसते.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कुणाचा तरी जुना स्कोप आला होता. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं, फिरकी हलेना. मी फडकं गुंडाळून पकडीने धरली आणि पिळली. हलली. मला वाटलं जिंकलो. आणखी पिळली आणि एकदम हलकी झाली, इतकी की पोटात गोळा आला. स्क्रू चौकटीच्या आट्यांतून निघून आला होता. डोळा लावला तर फुली तिरपी लोंबत होती. मग घाबरून उघडायला गेलो आणि उघडताना फुलीचा उभा धागाच तुटला.

मोठे मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुठूनसा एक कोळी काडीवर घेऊन आले. काडीला हलकी टिचकी मारली की कोळी धागा सोडत खाली लटकतो. दुबेळक्याच्या आकाराच्या तारेवर त्यांनी तो धागा गुंडाळत नेला, वेढ्यांत अंतर ठेवून. चहाच्या किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून ताणला. चौकटीवर सुईने ओढलेल्या जुन्या खाचा होत्या, त्यांत एक वेढा बरोबर बसवला आणि दोन्ही टोकांना लाखेच्या द्रावाचा थेंब. मिलिमीटरचा दोनशेवा-तीनशेवा भाग असेल त्या धाग्याची जाडी. मला दिसतच नव्हता, फक्त उजेडात मधेच चमकून जायचा. "श्वास तिकडे सोड," एवढंच मला म्हणाले. पहिले दोन तुटले, तिसरा बसला. पावसाळी हवेत असे धागे सैल पडतात, म्हणून पुढे कंपन्या धातूची तार किंवा काचेवर कोरलेल्या रेघांकडे वळल्या. पण कोळ्याच्या धाग्याइतकी काळी, सरळ आणि बारीक रेघ मी नंतर क्वचितच पाहिली.

त्यानंतर मी अडलेली फिरकी जोराने फिरवली नाही. तेलही सोडत नाही. तेल आट्यांत थांबत नाही, आठवड्याभरात ते भिंगावर धुक्यासारखं पसरतं. ऊन किंवा हेअर ड्रायरची उष्णता देऊन ग्रीस मऊ करायचा सल्ला मिळतो, तोही ऐकू नका. जुन्या जोडभिंगांत कॅनडा बाल्समचा डिंक असतो, तो उष्णतेने मऊ होतो आणि भिंगं एकमेकांवरून घसरतात. डिंक आधीच सुटलेला आहे का ते टॉर्चने दिसतं: पुढून उजेड टाकून मागून तिरकं पाहिलं की कडेला इंद्रधनुषी डाग किंवा पिवळसर चकत्या. मुळ्यांसारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी, आणि तिने काच कोरली असेल तर पुसून जाणार नाही. अमोनियाच्या काचपुसणीने जुना लेप निघतो, ती लांबच ठेवा.

फुली अक्षावर आली, बैठक जुळली, की स्क्रूला उरतं थोडंसंच काम. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून, मागचा सरकता बोल्ट काढून, रायफलच्या नळीच्या मागून बघत दूरची खूण त्या नळीच्या मधे आणायची आणि मग स्कोपमधून पाहायचं. हे करताना काडतुसं त्या खोलीत नसावीत. तत्पूर्वी नेत्रभिंग डोळ्याला लावून घ्यायचं. आभाळाकडे पाहून फुली लख्ख दिसेपर्यंत फिरवायचं, एका वेळी दोन सेकंदांहून जास्त न बघता. डोळा जास्त वेळ बघत राहिला की स्वतःच सांभाळून घेतो आणि फसवतो. मोजणीवाल्यांचा पहिला धडाही हाच: आधी नेत्रभिंग, मग खूण. आमचे निम्मे "बिघडलेले" थिओडोलाइट एवढ्यावरच दुरुस्त व्हायचे, आणि पावती मात्र पूर्ण व्हायची.

डोकं थोडं डावं-उजवं हलवून पाहा. फुली खुणेवरून वाहत गेल्यासारखी वाटली तर तो पॅरॅलॅक्स. जुने स्कोप बहुधा एकाच अंतराला जुळवलेले असतात, पुष्कळदा १०० यार्डांना. त्याहून जवळ किंवा दूर थोडं वाहणारच. त्यासाठी वस्तुभिंग उघडू नका, डोळा मधे ठेवा.

फिरकीवरचा बाण काय सांगतो हे गृहीत धरू नका. बहुतेकांवर तो गोळी कुठे जाईल ते दाखवतो, काहींवर फुली कुठे जाईल ते, आणि या दोन दिशा उलट्या असतात. फुली सरकणाऱ्या स्कोपात हे डोळ्यांनी पडताळता येतं: गोळी वर न्यायची असेल तर फुली चित्रात खाली जायला हवी. ती खाली गेली की तुम्ही तिला खुणेवर आणायला रायफलचं तोंड वर करता. हे एकदा समजलं की बाण पुसला गेला असला तरी चालतं.

आणि फिरकीवरच्या रेघांचं मोल स्वतः मोजा. कोनाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९.१ मिलिमीटर भरतं. मी ५० मीटरवर साडेचौदा मिलिमीटरच्या चौकटी आखलेला मोठा कागद लावतो, स्कोप शिकंज्यात लाकडाच्या मऊ गालांमधे धरतो आणि फिरकी फिरवत चौकटी मोजतो. वर दहा, उजवीकडे दहा, खाली दहा, डावीकडे दहा. फुली निघाली तिथे परत आली पाहिजे. जुन्या स्कोपात ती हमखास अर्धी-एक चौकट चुकते, कारण स्प्रिंग दमलेली असते आणि फुलीची चौकट स्क्रूमागून उशिरा येते. त्यावर उपाय जुनाच: हव्या त्या रेघेच्या पुढे जाऊन नेहमी एकाच दिशेने परत यायचं, आणि फिरकीच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन हलके ठोके द्यायचे. त्या ठोक्यांनी फुली टुणकन जागेवर बसताना दिसते. माझी नात ते बघायला मुद्दाम डोळा लावून बसते.

पत्र लांबलं आहे. कात्री लावणं भाग असेल तर कोळ्याची गोष्ट काढलीत तरी चालेल, पण आकडे कापू नका आणि पुढचा परिच्छेद तेवढा ठेवा.

त्या फोटोतल्या स्कोपच्या मालकाला कृपया एवढा निरोप पोचवा. लेख वाचून अजून फिरकी पिळली नसेल तर पिळू नका. ती आत्ता कुठल्या रेघेवर आहे त्याचा फोटो काढून ठेवा. पिळली असेल आणि जड लागत असेल तर उलट दिशेला वेढे मोजत हळूहळू परत या. एकदम हलकी लागायला लागली असेल, तर आहे तिथेच थांबा, स्कोप आडवा ठेवा, हलवू नका आणि उघडू तर अजिबात नका. कार्यालयामार्फत कळवलंत तर मी त्यांच्याकडे येऊन बघेन. अवजारं माझी मी आणेन.

आपला नम्र,
एक निवृत्त उपकरण-दुरुस्ती कारागीर